उन्हाळी इंटर्नशिप कशी करावी : वाळूजमधील सहा आठवड्यांवरून

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सहा आठवडे काम केले. दुचाकीच्या गिअरबॉक्समध्ये लागणारे लहान शाफ्ट तिथे आधी संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी लेथवर कातले जातात, मग ग्राइंडिंगला, म्हणजे घासून अचूक मापाला आणायला, जातात आणि तपासणी होऊन मोठ्या कंपनीकडे रवाना होतात. त्याच्या आदल्या वर्षीही मी एका कारखान्यात महिनाभर गेलो होतो. तो महिना मात्र पूर्ण वाया गेला. रोज गेटवर सही करायची, कुणी काही सांगितले नाही तर यंत्रांमधून एक फेरफटका मारायचा, उन्हाच्या वेळी ऑफिसातल्या कूलरसमोर बसायचे आणि शेवटच्या आठवड्यात वरच्या वर्गातील मुलाचा अहवाल घेऊन त्यातील नावे बदलायची, असा तो क्रम होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : "तू ज्या मशीनचा फोटो लावला आहेस, तिचा सायकल टाइम किती?" सायकल टाइम म्हणजे एक नग तयार व्हायला लागणारा वेळ, ही व्याख्या मला पाठ होती, पण त्या मशीनचा आकडा ठाऊक नव्हता. त्या कारखान्याने मला काही शिकवले नाही अशी माझी तक्रार बरेच दिवस होती, पण मी तिथे काही विचारले नव्हते हेही तितकेच खरे आहे.

पुढे लिहिले आहे ते मुख्यतः मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन शाखेच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनी त्यातून आपल्यापुरते घ्यावे.

जागा कुठे आणि कधी शोधावी

शोध फेब्रुवारीत सुरू करावा. एप्रिलच्या अखेरीस सगळ्या महाविद्यालयांची मुले एकाच वेळी गेटवर उभी राहतात आणि तेव्हा सुरक्षारक्षक अर्जही आत नेत नाही. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर म्हटले की मुले थेट मोठ्या नावांचाच विचार करतात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने त्याच्या आसपास उभे राहिले. माझ्या मते विद्यार्थ्याने याच लहान कारखान्यांकडे आधी पाहावे. मोठ्या कंपनीत शिस्त, सुरक्षा आणि व्यवस्था पाहायला मिळते, पण विद्यार्थ्याला बहुधा यंत्रांभोवती सुरक्षेसाठी आखलेल्या पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभे राहावे लागते. चाळीस-पन्नास कामगारांच्या कारखान्यात मालकच सकाळी शॉपफ्लोअरवर असतो, मनुष्यबळ कमी असल्यामुळे तिसऱ्या दिवशी तुमच्या हातात मायक्रोमीटर (अचूक माप घेण्याचे साधन) येतो आणि एखादे काम तुमच्यावाचून अडूही लागते. चिकलठाणा आणि शेंद्रा येथेही हीच गोष्ट लागू आहे. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था टूल आणि डाय बनवण्याच्या कामात रस असलेल्यांनी अवश्य पाहावी.

संभाजीनगरला राहण्याचा खर्च झेपत नसेल तर घराजवळचे पर्याय कमी प्रतीचे आहेत असे समजू नये. जालन्यात भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीपासून टीएमटी सळईपर्यंतची सगळी प्रक्रिया एकाच आवारात पाहायला मिळते, आणि रोलिंगमधून लालभडक निघालेली सळई पाण्याच्या माऱ्यातून जाताना वरून कडक आणि आतून चिवट कशी होते, हे पुस्तकातल्या आलेखापेक्षा तिथे लवकर समजते. इलेक्ट्रिकलच्या आणि औष्णिक ऊर्जेत रस असलेल्या मेकॅनिकलच्या मुलांसाठी परळीचे वीज केंद्र आहे.

एका पर्यायाकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही, तो साखर कारखान्याचा. आपल्याकडे पुष्कळ तालुक्यांत कारखाना आहे, पण "उन्हाळ्यात कारखाना बंद असतो, तिथे जाऊन काय करणार?" असे मुले म्हणतात. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत संपते हे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच तिथे जावे. हंगामात मिलच्या जवळ कुणी उभे राहू देत नाही. ऑफ सीझनमध्ये मात्र मिलचे रोलर बाहेर काढलेले असतात, त्यांच्या खाचा वेल्डिंगने भरून पुन्हा टर्निंग केले जाते, टर्बाइन उघडलेले असते, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात आणि पंपांची बेअरिंग बदलली जातात. यंत्र उघडे पडलेले पाहण्याची इतकी चांगली संधी चालू कारखान्यात मिळत नाही.

अर्ज ईमेलने पाठवावा, पण ईमेलवर विसंबून राहू नये. छापील अर्ज, महाविद्यालयाचे विनंतीपत्र आणि एका पानाचा परिचय यांच्या दहा-बारा प्रती घेऊन सरळ एमआयडीसीत पायी फिरावे. जाण्याची वेळ सकाळी साडेदहा ते बाराची ठेवावी, कारण त्याआधी रात्रपाळीचा हिशेब आणि सकाळची बैठक चालू असते. महिनाअखेरीचे चार दिवस टाळावेत, त्या दिवसांत माल पाठवण्याच्या गडबडीत कुणालाही तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी अदबीने बोलावे, कारण एचआरचे साहेब कधी येतात आणि विद्यार्थ्यांना खरोखर घेतात की नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. शिवाय परभणी, बीड, हिंगोलीकडच्या कोणत्याही गावातील चार-दोन माणसे वाळूजला कंपनीत असतातच. त्यांना फोन करण्यात संकोच बाळगू नये. मला जागा मिळाली ती आमच्या गल्लीतल्या एका दादांनी त्यांच्या सुपरवायझरच्या कानावर माझे नाव घातल्यामुळे. ओळखीने गेटच्या आत जाता येते, पुढचे ज्याचे त्याने पाहायचे असते.

पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणारेही आजकाल पुष्कळ भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. प्रमाणपत्र मिळते, पण सायकल टाइमच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

कागदपत्रे आणि राहण्याची सोय

बोनाफाइड, विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे आणि अपघात विम्याची प्रत एवढे जवळ असले की भागते. विम्याची अट ऐनवेळी समोर येते, म्हणून ती आधीच विचारून घ्यावी. इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप यांची गल्लत करू नये. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार करून होते आणि तिच्यात विद्यावेतन द्यावेच लागते. उन्हाळी इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग असतो आणि लहान कारखान्यांत तिचे पैसे बहुधा मिळत नाहीत, ही गोष्ट घरी आधी सांगून ठेवलेली बरी.

वाळूजला जाणाऱ्यांनी शहरात खोली घेऊन रोज नगर रस्त्याने ये-जा करण्याऐवजी बजाजनगर किंवा रांजणगाव शेणपुंजी येथे कॉट बेसिसवर जागा पाहावी. पहिल्या पाळीला सकाळी सात वाजता हजर राहायचे असेल तर ही सोय फार मोलाची ठरते. खोली पत्र्याची घेऊ नये. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दिवसभर शेडमध्ये उभे राहिल्यावर रात्री तापलेल्या पत्र्याखाली झोप लागत नाही. ही चूक मी पहिले आठ दिवस केली. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असेही धरून चालू नये.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती देतात ती बहुतेक मुले कंटाळून ऐकतात. त्यातील दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्यामुळे इथे लिहितो. फिरत्या चकच्या (शाफ्ट पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) जवळ हातमोजे घालून हात नेऊ नये. हातमोजा अडकला तर यंत्र बोट सोडत नाही, आणि म्हणून लेथवरचे जाणते ऑपरेटर उघड्या हातांनीच काम करतात. दुसरे म्हणजे कातताना निघालेली चिप, म्हणजे धातूचा कीस, कितीही सुटी दिसली तरी हाताने ओढू नये, हूक वापरावा. आमच्या लाइनवरच्या एका हेल्परच्या तळहाताला अशाच चिपने चार टाके पडले.

पहिल्या आठवड्यात एकाही यंत्राला हात न लावता मालाच्या मागे चालावे. कच्ची सळई ज्या दाराने येते तिथपासून तयार खोके ज्या दाराने जाते तिथपर्यंत एका जॉबचा, म्हणजे यंत्रावर घडवल्या जाणाऱ्या एका नगाचा, प्रवास वहीत काढावा : तो कुठे कातला जातो, कुठे थांबतो, किती वेळ ट्रॉलीत पडून राहतो, कोण त्याला हात लावतो. मला हा नकाशा काढायला तीन दिवस लागले, आणि एखादा शाफ्ट यंत्रावर जेवढा वेळ असतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो नुसता पडून असतो हे त्यातूनच लक्षात आले.

या आठवड्यात ऑपरेटरशी ओळख करून घ्यावी. आपण पदवीचे विद्यार्थी आहोत हे त्यांना ठाऊक असते, ते पुन्हा सांगू नये. माझी जागा ज्या लेथजवळ होती तिथले ऑपरेटर आयटीआय झालेले, वीस वर्षांच्या अनुभवाचे गृहस्थ होते आणि सगळी लाइन त्यांना मामा म्हणे. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या चिपच्या ट्रेकडे पाहत उभा होतो तेव्हा म्हणाले, "काय बघायलास रे पोरा? रंग बघ, रंग." सकाळपासून फिकट निघणारी चिप आता गडद निळी पडली होती. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार गेली की घर्षण वाढते, उष्णता वाढते आणि चिपचा रंग बदलतो. धार झिजल्यामुळे टूल थोडे कमी कापते आणि बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. मामांनी पुढचा जॉब मोजला, तो खरेच वरच्या मर्यादेला टेकला होता. त्यांनी ऑफसेटमध्ये, म्हणजे यंत्राला दिलेल्या टूलच्या मापातील दुरुस्तीत, वीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कमी केले, आणखी काही नग काढले आणि मग इन्सर्ट फिरवला. झिजेचा हा धडा मी दुसऱ्या वर्षी टूलचे आयुष्य सांगणाऱ्या टेलरच्या समीकरणासह लिहून गुण मिळवले होते, पण त्याला रंग असतो हे मला माहीत नव्हते.

मोजमाप आधी शिकावे

कारखान्यात विद्यार्थ्यावर विश्वास बसतो तो त्याच्या मोजमापावरून, आणि आपली तयारी नेमकी तिथेच कच्ची असते. व्यासाचे ड्रॉइंगवरील माप २५ एच७ असे होते, त्यात एच इंग्रजी लहान अक्षरातला. याचा अर्थ ग्राइंडिंग झाल्यावर शाफ्ट २५.००० मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि २४.९७९ पेक्षा लहान नको. म्हणजे खेळायला एकूण २१ मायक्रॉनची जागा. मी प्रयोगशाळेतल्या सवयीने व्हर्नियर उचलले, २४.९८ वाचले आणि जॉब पास असल्याचे सांगितले. तपासणी विभागातल्या ताईंनी काही न बोलता एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. त्यावर माप आले २४.९७४, म्हणजे जॉब रिजेक्ट. ज्या व्हर्नियरची सर्वांत लहान रेघच ०.०२ मिलिमीटरची आहे, त्याने २१ मायक्रॉनची मर्यादा तपासणे म्हणजे तागडीने सोने तोलण्यासारखे आहे. आपण वापरतो त्या साधनाचे लघुतम माप सहनमर्यादेच्या साधारण दहाव्या भागाइतके असावे हा नियम तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसला.

याच्याच पुढची गोष्ट आपल्या भागातल्या उन्हाळ्याशी जोडलेली आहे. मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरले जाते. आमच्या शेडमध्ये दुपारी ४० अंश असत आणि तपासणीची खोली वातानुकूलित होती. २५ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट २० अंशांनी तापला की त्याचा व्यास सुमारे सहा मायक्रॉनने वाढतो. एकूण मर्यादाच २१ मायक्रॉनची असताना सहा मायक्रॉन म्हणजे पाव हिश्शापेक्षा जास्त. शेडमधून आणलेला जॉब खोलीत आणल्याबरोबर मोजला तर तो मर्यादेत बसल्यासारखा दिसतो आणि तासाभराने थंड झाल्यावर लहान निघतो. म्हणून जॉब खोलीतल्या लोखंडी टेबलावर ठेवून गार होऊ द्यावा लागतो आणि मोजताना मायक्रोमीटर तळहातात फार वेळ धरून ठेवायचा नसतो. जॉब आणि साधन दोन्ही एकाच पोलादाचे आणि एकाच तापमानाला असतील तर फरक जवळजवळ उरत नाही. घोटाळा होतो तो एक गरम आणि एक गार असताना.

वही आणि एकच प्रश्न

सहा आठवड्यांत सगळा कारखाना शिकता येत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक यंत्र आणि त्यावरचा एक प्रश्न निवडावा आणि उरलेला काळ त्यालाच द्यावा. प्रश्न शोधण्यासाठी सुपरवायझरला "मी काय प्रोजेक्ट करू?" असे विचारू नये, "तुमचे टार्गेट कुठे हुकते?" असे विचारावे. माझ्या सुपरवायझरांनी क्षणाचाही विचार न करता मामांच्या लेथकडे बोट केले.

गणित सोपे होते. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० मिनिटे वजा केली की ४३० मिनिटे, अर्थात २५,८०० सेकंद उरतात. एका जॉबचे कातकाम ७२ सेकंदांचे आणि काढ-घाल १४ सेकंदांची, असा सायकल टाइम ८६ सेकंद. म्हणजे पाळीला ३०० नग निघायला हवेत. प्रत्यक्षात सरासरी २४० निघत होते. साठ नग म्हणजे ८६ मिनिटे रोज कुठे तरी जात होती, आणि ती कुठे जातात याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे होते.

मी एक साधी दोनशे पानी वही घेतली, तिच्यात यंत्र थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ आणि कारण असे तीन रकाने आखले आणि सहा पाळ्या त्या लेथपासून हललो नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते कंटाळवाणेच असते हे आधी समजून घ्यावे. मोबाइलवर स्टॉपवॉच वापरण्यासाठी मात्र लेखी परवानगी घ्यावी लागली. नोंदी करताना ऑपरेटरला काय चालले आहे ते आधी सांगावे, नाहीतर आपल्या कामाची चुगली लिहिली जात आहे असा समज होतो आणि तो रास्तही असतो. सहा पाळ्यांची सरासरी काढली तेव्हा त्या ८६ मिनिटांपैकी ३१ मिनिटे इन्सर्ट बदलल्यावर पहिल्या नगाला तपासणी विभागाची मंजुरी मिळेपर्यंतच्या थांबण्यात, २२ मिनिटे कच्च्या मालाची ट्रॉली येण्याची वाट पाहण्यात, १८ प्रत्यक्ष इन्सर्ट बदलण्यात आणि १५ किरकोळ कारणांत जात होती. सगळ्यांचा संशय इन्सर्टच्या दर्जावर होता आणि महागडे इन्सर्ट मागवण्याची चर्चाही सुरू होती.

मंजुरी मिळवायला मामांना जॉब घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला जावे लागे आणि तिथे आधीच दोघे-तिघे उभे असत. लेथवरचे माप ग्राइंडिंगसाठी माल राखून ठेवलेले, २५.३० अधिक-उणे ०.०३ एवढे सैल होते. त्यासाठी वातानुकूलित खोलीची गरजच नव्हती. स्टोअरमध्ये पडून असलेला एक स्नॅप गेज, म्हणजे माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारे साधन, कॅलिब्रेट करून (त्याची अचूकता तपासून) लेथजवळ ठेवावा आणि मंजुरी तिथेच द्यावी असे मी एका पानावर लिहून दिले. सुपरवायझरांनी आठवडाभर तसे करून पाहिले. थांबणे ३१ मिनिटांवरून पाचच्या आसपास आले, वाचलेल्या २६ मिनिटांत अठरा नग जास्त निघाले आणि सरासरी २५८ झाली. तीनशे झाले नाहीत, ट्रॉलीचा प्रश्न तर तसाच राहिला. अहवालातही मी तसेच लिहिले, कारण सगळेच प्रश्न सुटल्याचे दाखवणाऱ्या अहवालावर कुणी जाणता परीक्षक विश्वास ठेवत नाही.

अहवाल आणि निरोप

अहवालाची पहिली वीस पाने कंपनीचा इतिहास आणि यंत्रांच्या कॅटलॉगमधील चित्रे यांनी भरू नयेत. दोन पानांत कारखान्याची ओळख, एका पानावर मालाचा नकाशा आणि उरलेल्या जागेत आपला प्रश्न, आपल्या नोंदी आणि आकडेमोड एवढे पुरे होते. ग्राहकाच्या ड्रॉइंगची प्रत किंवा यंत्राचे छायाचित्र परवानगीशिवाय लावू नये. ड्रॉइंग त्या कारखान्याच्याही मालकीचे नसते, ते ग्राहकाचे असते. मूळ वही जपून ठेवावी आणि तोंडी परीक्षेला सोबत न्यावी. माझ्या परीक्षकांनी छापील अहवाल बाजूला ठेवून तेलाचे डाग पडलेली वहीच चाळली. प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग आणि तारखा गेटबाहेर पडण्याआधीच तपासाव्यात, नंतर एका अक्षरासाठी पुन्हा गाडीभाडे पडते.

अंतिम प्रत छापण्यापूर्वी मसुदा ज्यांच्या यंत्रावर काम केले त्यांना दाखवावा. मी तो मामांना चहाच्या सुट्टीत वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि किरकोळ कारणांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या पंधरातली पाच मिनिटं माझ्या तंबाखूची आहेत, तेवढं नीट लिही." मी "वैयक्तिक विराम : ५ मिनिटे" अशी वेगळी ओळ घातली आणि किरकोळचा आकडा दहावर आणला.